आपत्कालीन पथकासाठी ट्रॉफी घडवायची आहे? आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बघा

अग्निशमन दल, रुग्णवाहिकेचे कर्मचारी किंवा शोध-बचाव पथक यांच्यासाठी ट्रॉफी करून हवी असलेली मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या कागदावर चित्र बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. खाली ज्वाला, वर पंख, मधे एक पीळदार पुरुष आणि त्याची नजर आकाशाकडे. मी विचारते, हा वर काय बघतोय? उत्तर नसतं. आणि जन्मभर आग विझवणाऱ्या माणसाला बक्षीस म्हणून पुन्हा आगच द्यायची, हे मला कधी पटलेलं नाही.

मी मूर्तिकार आहे. मातीपासून साच्यापर्यंतचं काम स्वतः करते, धातू ओतायला फाउंड्रीत देते आणि फिनिशिंगला पुन्हा हातात घेते. अशी ट्रॉफी सुचण्यापासून खोक्यात भरेपर्यंत काय काय करावं लागतं ते इथे सांगते. स्वतः घडवणाऱ्यांना याचा उपयोग होईलच, पण दुसऱ्याकडून करून घेणाऱ्यांनीही वाचा, कारण ट्रॉफी फसते ती बऱ्याचदा पहिल्या बैठकीतच.

आधी पथक बघा

पेन्सिल उचलण्याआधी पथकाच्या ठाण्यावर जा. अधिकाऱ्यांना भेटाच, पण त्यांच्या केबिनमध्ये अडकू नका. गाडीवर बसणाऱ्या माणसांत जाऊन बसा. "तुमचं काम काय?" असं विचारलंत तर भाषणात ऐकू येतात ती वाक्यं मिळतील. त्याऐवजी विचारा: कॉल आला की तुमचा हात पहिल्यांदा कशाला लागतो? त्या वेळी शेजारी कोण असतं? तुम्ही कुणाच्या आवाजावर चालता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, असं कोणतं काम आहे जे एकट्याने होतच नाही?

या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तुमची ट्रॉफी असते. सन्मान पथकाचा आहे, म्हणजे शिल्पात निदान दोघांचं एकमेकांवर अवलंबून असणं दिसलं पाहिजे. एकट्या वीराचा पुतळा कपाटात आला की ठाण्यातले लोक एकमेकांना विचारतात, हा कोण? गमतीत विचारतात, पण विचारतात.

उत्तरं फार सुंदर येतात. होज पाइप भरलेला असताना नोझल धरणाऱ्याला पाण्याचा जोर मागे ढकलत असतो. त्याच्या पाठीशी दुसरा माणूस पाइपचा भार आणि तो धक्का अंगावर घेत उभा असतो, म्हणून पुढच्याला नेम धरता येतो. स्ट्रेचर नेताना डोक्याकडचा माणूस रुग्णावर नजर ठेवतो आणि सगळ्यांना पाऊल सांगतो. दोरावरच्या बचावात कड्याखाली उतरलेल्याचा जीव वर अँकरपाशी, म्हणजे दोर बांधलेल्या पक्क्या आधारापाशी, बसलेल्याच्या हातात असतो, आणि हा वरचा माणूस फोटोत कधीच येत नाही. हृदय थांबलेल्या माणसाला सीपीआर देताना छाती दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलतात, कारण थकलेले हात नकळत कमी खोल दाबतात. ही अदलाबदल क्षणात व्हावी लागते; एकाचे हात उठतात तोच दुसऱ्याचे टेकतात.

मला विचाराल तर रुग्णवाहिकेच्या पथकासाठी याहून चांगला विषय नाही. चेहरे नकोत, धडही नको. दोन माणसांच्या हातांच्या दोन जोड्या, एक उठणारी आणि एक टेकणारी, एवढंच. रुग्ण दाखवायचाच नाही; त्याच्या जागी दगडाची बैठक. हात त्या दगडावर टेकलेले.

कंट्रोल रूममध्ये फोन घेणारी व्यक्ती मात्र घडवायला अवघड. हेडसेट घालून खुर्चीत बसलेली मूर्ती कॉल सेंटरची वाटते. पण तिला वगळू नका. रुग्णवाहिकांवर जो सहा पाकळ्यांचा निळा तारा असतो, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनातल्या लिओ श्वार्ट्झ यांनी आखला आणि १९७७ मध्ये त्याची नोंदणी झाली. त्याच्या सहा पट्ट्या म्हणजे सहा टप्पे: घटना लक्षात येणं, कळवणं, मदत निघणं, जागेवर उपचार, वाटेत उपचार आणि रुग्णालयाच्या हवाली करणं. म्हणजे गाडीचं चाक हलण्याआधीच दोन टप्पे होऊन गेलेले असतात. हे शिल्पात आणायचा एक मार्ग मला आवडतो: बैठकीच्या कडेने खोदलेली एक रेघ निघते, वर चढत जाते आणि वरच्या आकृतीच्या हातातला दोर किंवा पाइप होते. समजावून सांगावं लागत नाही. फोन घेणाऱ्यांना ते बरोबर कळतं.

चिन्हांच्या बाबतीत सावध

इथे कायदा आडवा येतो आणि बहुतेकांना त्याची कल्पना नसते. पांढऱ्या जागेवरचा लाल क्रॉस हे वैद्यकीय सेवेचं सर्वसाधारण चिन्ह नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धात वैद्यकीय पथकांना संरक्षण देणारं चिन्ह आहे, आणि १९४९ च्या करारांनी व्यक्ती, संस्था किंवा व्यापारी यांना ते परवानगीशिवाय वापरायला मनाई केली आहे. लाल चंद्रकोर आणि २००५ मध्ये मान्य झालेला लाल स्फटिक यांनाही हेच लागू. नारंगी चौकोनातला निळा समभुज त्रिकोण नागरी संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय चिन्ह आहे, १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलनुसार तेही संरक्षित. पथक स्वतः त्या संस्थेचं असेल आणि लेखी परवानगी असेल तरच ही चिन्हं वापरा. "एवढ्याशा ट्रॉफीवर कोण बघतंय?" असं म्हणणारे भेटतील. ट्रॉफीचा फोटो सगळीकडे जातो, बघणारे बघतात.

दुसरी गफलत सापांची. वैद्यकाचा दंड अॅस्क्लेपियसचा, हा ग्रीकांचा वैद्यकाचा देव; त्याच्या दंडाला एकच साप आणि पंख नाहीत. दोन साप आणि पंख असलेला दंड हर्मीसचा, तो व्यापाराचा आणि निरोप्यांचा देव. सहा पाकळ्यांच्या ताऱ्याच्या मधोमध एकच साप आहे, तो नीट मोजून घ्या.

पथकाचा स्वतःचा बिल्ला असेल तर तो मूळ फाइलमधून मागून घ्या, फोटोवरून काढू नका. आणि तो शिल्पावर चिकटवू नका, बैठकीवर ठेवा. शिल्पाला बिल्ला लावावा लागतोय म्हणजे शिल्पातून ओळख पटत नाहीये.

आकार आणि वजन

ट्रॉफी बघायची वस्तू आहेच, पण त्याआधी ती उचलायची वस्तू आहे. ऑस्करची मूर्ती सुमारे ३४ सेंटिमीटर उंच आणि ३.८५ किलो वजनाची आहे. भाषण करताना लोक ती एका हातात धरू शकतात, पण हात भरून येतो. १९७४ पासून दिला जाणारा फुटबॉल विश्वचषक सिल्व्हिओ गझ्झानिगा यांनी घडवला, तो ३६.८ सेंटिमीटर उंच आणि ६.१७५ किलोचा. तो १८ कॅरट सोन्याचा आहे, आणि नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पोलियाकॉफ यांनी हिशेब मांडून दाखवलं होतं की एवढा चषक खरोखर भरीव असता तर ७०-८० किलो भरला असता. म्हणजे तोसुद्धा आतून पोकळच असणार. मोठ्या धातुकामात पोकळपणा ही चोरी नाही, ती रीत आहे.

पथकाच्या ट्रॉफीला बैठकीसकट ३० ते ३५ सेंटिमीटर उंची आणि ४ ते ५ किलो वजन मला योग्य वाटतं. स्टेजवर दोघं-तिघं मिळून ती उचलणार असतात, आणि तसंच व्हायला हवं.

धातूचं वजन आधी कसं कळणार? ब्राँझची घनता घन सेंटिमीटरला ८.८ ग्रॅमच्या आसपास, पितळेची ८.५, ॲल्युमिनियमची २.७, रेझिनची १.१ ते १.२. मेण साधारण ०.९ ते ०.९५. त्यामुळे ओतकामवाल्यांचा साधा नियम आहे: मेणाची प्रत तराजूवर ठेवा आणि येणाऱ्या आकड्याला साडेनऊने गुणा. मेण ३०० ग्रॅम भरलं तर ब्राँझ २.९ किलोच्या आसपास येईल. १४ सेंटिमीटर लांबी-रुंदीची, ४ सेंटिमीटर जाडीची ग्रॅनाइटची बैठक सुमारे २.१ किलोची होते. झाले ५ किलो.

तोल तपासायला शास्त्र लागत नाही. बैठकीसकट मॉडेल टेबलावर ठेवा आणि एक कड हळूहळू उचला. १४ सेंटिमीटरच्या बैठकीची कड ५ सेंटिमीटर उचलली म्हणजे साधारण २१ अंशांचा कल झाला. तेवढ्यात ट्रॉफी कलंडत असेल तर बैठक रुंद करा किंवा शिल्पाचा जड भाग खाली आणा. पुढे झेपावणाऱ्या आकृतीत ही तपासणी झेपेच्या दिशेने करायची. तिरकी उभी असलेली ट्रॉफी फोटोत झकास दिसते आणि कपाट पुसताना पहिली पडते.

मापात थोडी लबाडी

१७५ सेंटिमीटरचा माणूस २० सेंटिमीटरचा केला म्हणजे सगळ्या गोष्टी पावणेनऊ पटींनी लहान झाल्या. आता ४५ मिलिमीटर व्यासाचा होज पाइप घ्या. तो होतो ५ मिलिमीटर. ब्राँझमध्ये छान ओतला जातो, हाताला मजबूत लागतो. पण ११ मिलिमीटरचा बचावाचा दोर? तो सव्वा मिलिमीटर होतो. धातू तिथपर्यंत पोचायच्या आत गोठेल, आणि पोचला तरी पहिल्याच धक्क्याला वाकेल. म्हणून दोर ३ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, आणि लांबवर अधांतरी सोडू नका. मधे कुठेतरी अंगाला, कड्याला टेकवा. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, हाही असाच थोडा मोठा करावा लागतो. डोळा ही लबाडी माफ करतो.

जे माफ होत नाही ते वेगळंच. आग विझवणाऱ्याच्या पाठीवरचा हवेचा सिलिंडर घ्या. बीए सेटमध्ये, म्हणजे धुरात श्वास घ्यायच्या उपकरणात, तो उलटा बसवलेला असतो, व्हॉल्व्ह खाली, कमरेपाशी, हात मागे नेला की सापडेल असा. मूर्तिकार मात्र सिलिंडर म्हटलं की जमिनीवर उभा असलेला आठवतात आणि व्हॉल्व्ह वर, मानेपाशी करतात. बाकी शिल्प कितीही देखणं असू दे, ठाण्यातला माणूस पहिल्यांदा तेच बघणार आणि हसणार. असंच दस्तान्यांचं. अग्निशमनाचा दस्ताना जाड असतो, त्यात बोटांची पेरं दिसत नाहीत, मूठ पूर्ण मिटत नाही आणि अंगठा जरा लांबच राहतो. एक जुना दस्ताना मागून आणा, स्वतः घाला आणि पेन्सिल धरून बघा. मग त्या हाताचा फोटो काढा आणि तो समोर ठेवून मातीत हात घडवा.

सीपीआरचे हात घडवायचे असतील तर अजून बारकावा लागतो. तळहाताची टाच छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर. दुसरा हात त्यावर. बोटं एकमेकांत गुंफून वर उचललेली, म्हणजे बरगड्यांवर दाब येत नाही. कोपर सरळ. खांदे हातांच्या बरोबर वर. प्रौढ माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर दाबली गेली पाहिजे, ६ च्या पुढे नाही, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. ही ताकद दंडातून येत नाही, अंगाच्या वजनातून येते. म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूला त्वचेच्या वळ्या पडतात, हात मनगटात जवळपास काटकोनात मोडलेला असतो आणि खालच्या हाताची बोटं थोडी ताणलेली दिसतात. मातीत हे करताना मी आधी खालच्या हाताची टाच चपटी दाबून घेते, दगडावर ती खरोखर पसरली पाहिजे. वरचा हात नंतर. दोन्ही एकदम घडवले तर बोटांच्या गुंफणीत हत्यार शिरतच नाही. आणि उठणारी दुसरी जोडी? तिची बोटं अजून गुंफलेलीच ठेवा, सुटी करू नका. दोन मिनिटं दाबून आकडलेली बोटं लगेच सुटत नाहीत. हे पथकातलाच कुणीतरी दाखवतो, पुस्तकात सापडत नाही.

चेहऱ्यांचं काय? २० सेंटिमीटरच्या आकृतीत डोकं जेमतेम अडीच सेंटिमीटरचं. त्यात साम्य आणायच्या फंदात पडू नका. साम्य आणलंत तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. हेल्मेट, मास्क, वळलेली मान, काहीही घ्या. गणवेशाखाली बाई आहे की पुरुष हे बहुधा कळतही नाही, आणि ते बरंच आहे.

लहान आकारात शिल्प जिवंत कसं ठेवायचं हे शिकायचं असेल तर मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तकी बघा. जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. कमरेवर ठेवलेला हात आणि धड यांच्यामधली ती मोकळी जागा झाका, मूर्ती लगेच मुकी होते. ट्रॉफी लांबून, प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून बघितली जाते. तिथून बारकावे दिसत नाहीत, फक्त बाह्यरेषा आणि आरपार मोकळ्या जागा दिसतात. मॉडेल झालं की त्याच्यामागे दिवा लावा आणि भिंतीवरची सावली बघा. दोन माणसं दोन दिसतात का? की एक ढेकूळ? सावलीत कळत नसेल तर धातूतही कळणार नाही.

माती, साचा, ओतकाम

आधी हातभर लांबीचं काही करू नका. १०-१२ सेंटिमीटरची तीन-चार कच्ची मॉडेलं करा, पटापट, बारकावे न घालता. ती पथकाला दाखवा. या टप्प्यावर ते मोकळेपणाने बोलतात. गुळगुळीत झालेल्या मूर्तीसमोर लोक संकोचतात आणि "छान आहे" म्हणून गप्प बसतात.

पक्क्या मॉडेलसाठी ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा आणि तेलाची माती बरी; ती वाळत नाही, तडकत नाही, पथकाच्या सूचना येईपर्यंत थांबते. फक्त एक बघा: त्या मातीत गंधक आहे का? गंधकाच्या मातीवर प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन रबर सेट होत नाही, चिकट राहतो आणि मॉडेलसकट सगळं घाण होतं. गंधकविरहित माती घ्या किंवा टिन क्युअर रबर वापरा. काहीही झालं तरी आधी मातीच्या एका गोळ्यावर चमचाभर रबर घालून रात्रभर ठेवून बघा.

रबराच्या साच्याला बाहेरून प्लास्टरचा किंवा फायबरचा खोका लागतो, नाहीतर मेण ओतताना साचा फुगतो. जोडाची रेघ कुठून न्यायची हे माती घडवतानाच ठरवा. ती दस्तान्याच्या शिवणीवरून, जॅकेटच्या कडेवरून जाऊ द्या. हाताच्या पाठीवरून गेली तर कानस घासून घासून तिथली त्वचा सपाट होते.

साच्यात मेण फिरवून ३ ते ५ मिलिमीटर जाडीचं पोकळ मेण काढायचं, त्यावर नळ्या आणि हवा जायच्या वाटा जोडायच्या, सिरॅमिकच्या पातळ घोळात बुडवून थरावर थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. ही लॉस्ट वॅक्स पद्धत, नर्तकी घडली तीच. फाउंड्रीवाल्यांशी दोन गोष्टी आधी बोलून घ्या. पहिली, आकुंचन: मेण थोडं आकसतं, धातू आणखी, मिळून साधारण २ ते ४ टक्के. बैठकीत भोकं पाडून ठेवायची असतील तर ती धातूच्या प्रतीवरून पाडा, मातीवरून नाही. दुसरी, धातू कोणता. सिलिकॉन ब्राँझमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास तांबं, ४ टक्के सिलिकॉन आणि थोडं मँगनीज असतं. ते छान वाहतं आणि वेल्डही होतं. ओतकामाला दहा-बारा आठवडे तरी हाताशी ठेवा. समारंभाची तारीख आधी ठरते आणि ट्रॉफीची आठवण नंतर होते, तेव्हा ब्राँझचा हट्ट सोडा.

मग रेझिन. ब्राँझची भुकटी मिसळलेलं रेझिन साच्यात आधी ब्रशने लावायचं, मागे साधं रेझिन भरायचं, पोटात लोखंडी छर्रे घालून वजन आणायचं. सुकल्यावर चार शून्याच्या स्टील वूलने घासलं की धातू उघडा पडतो आणि चमकतो. खोटेपणा म्हणून नाक मुरडणारे आहेत, मी त्यांच्यात नाही. फक्त तिला ब्राँझ म्हणू नका, पावतीवर खरं लिहा. थ्रीडी प्रिंटही चालतो, पण थरांच्या रेघा घासून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॅटिना, म्हणजे वरून चढवलेला जुनाट रंग, चढल्यावर त्या आणखी उठून दिसतात.

एक गोष्ट रेझिनला आणि धातूला सारखीच: रबराचा साचा एकच असला तरी त्यातून पुढे बऱ्याच प्रती निघतात. पथकातल्या प्रत्येकाला घरी न्यायला काहीतरी हवं असतं. संपूर्ण शिल्पाच्या छोट्या प्रती करण्यापेक्षा फक्त एक हात, किंवा पाइप धरलेली एक मूठ, तेवढाच साचा वेगळा काढून लहान पदकं ओतून घ्या. मोठी ट्रॉफी ठाण्यात राहते, तिचा तुकडा प्रत्येकाकडे. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या पथकात ट्रॉफी कुणाच्या पाळीच्या कपाटात राहणार यावरून होणारी कुरबुरही त्याने थोडी शमते.

रंग

ब्राँझ गरम करून त्यावर रसायन लावलं की पॅटिना चढतो. फेरिक नायट्रेटने सोनेरी ते लालसर तपकिरी, लिव्हर ऑफ सल्फरने तपकिरी ते काळा, कॉपर नायट्रेटने हिरवा. अशा ट्रॉफीला हिरवा देऊ नका, तो जुन्या स्मारकांचा रंग आहे आणि ही माणसं अजून ड्यूटीवर आहेत. खोलात काळपट, उंचवट्यांवर उघडा धातू, एवढं पुरे. दस्तान्यांच्या टोकांना आणि पाइपच्या वरच्या बाजूला हात लागून तसंही चमक येते. शेवटी वस्तू कोमट असताना मेणाचा हात. मोकळ्या हवेत, मास्क आणि दस्ताने घालूनच हे करा; लिव्हर ऑफ सल्फर आम्लाला लागलं तर त्यातून विषारी वायू निघतो.

अक्षरं

कोरीव मजकुरात विशेषणं घालू नका. पथकाचं नाव, घटना असेल तर ती, वर्ष. "शूर", "निःस्वार्थ", "अतुलनीय" हे सगळं समारंभात बोला. फिरती ट्रॉफी असेल तर पुढच्या निदान दहा वर्षांच्या पट्ट्यांची जागा आत्ताच आखून घ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षी कुणीतरी शिल्पाच्या गुडघ्यावर पट्टी चिकटवतं.

देवनागरी कोरताना जागा जास्त लागते. रोमन अक्षर ३ मिलिमीटरला वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षरं. माझा अनुभव असा की शिरोरेषेपासून खालच्या कडेपर्यंत ५ मिलिमीटरच्या आत गेलं की "र्ष" आणि "ष" यांतला फरक मिटतो. शिरोरेषा एकसंध खोल कोरली तर पातळ पट्टीवर ती तड्यासारखी दिसते, म्हणून अक्षरांच्या उभ्या दांड्यांइतकीच जाडी ठेवा. खऱ्या मापात कागदावर छापा, पट्टीवर चिकटवा, हातभर अंतरावरून वाचा. नावांची यादी पथकाकडून सहीसकट घ्या आणि शुद्धलेखन ज्याचं नाव त्याच्याकडूनच तपासून घ्या. हुद्दे शक्यतो टाळा. बढती झाली की पट्टी शिळी होते.

ज्या घटनेत पथकातलं कुणी गेलं असेल, तिथे आधी घरच्यांना विचारा. माझं मत स्पष्ट आहे: ते नाव बक्षिसाच्या ट्रॉफीवर इतर नावांच्या रांगेत नको. त्यासाठी वेगळं स्मृतिचिन्ह करा. आणि वाचवल्या गेलेल्या माणसाला ओळखता येईल असं काही शिल्पात येऊ देऊ नका, लहान मूल असेल तर मुळीच नाही.

जोडणी आणि खोकं

शिल्प बैठकीला एका बोल्टवर बसवलं की वर्षभरात फिरायला लागतं. दोन बोल्ट घ्या, एम ८ चे (८ मिलिमीटर जाडीचे), स्टेनलेस, खालून वर येणारे, वॉशरसकट. किंवा एक बोल्ट आणि शेजारी एक जाड पिन. गोंदावर भरवसा ठेवू नका. बैठकीच्या खाली बोल्टची डोकी आत दबतील एवढा खळगा हवा, आणि वरून फेल्टचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, अस्तर. फेल्टखाली एक पट्टी: कुणी घडवली, कशाची आहे, कोणत्या वर्षी.

खोक्यात शिल्पाला आधार धडाला किंवा बैठकीला मिळाला पाहिजे, बाहेर आलेल्या हाताला किंवा दोराला नाही. फोम शिल्पाच्या आकारात कापा. नुसते तुकडे कोंबले तर वाटेत ते खाली बसतात. ट्रॉफीबरोबर एक कागद द्या आणि तो ठाण्यात साफसफाई करणाऱ्याच्या हातात पोचेल असं बघा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: मऊ ब्रशने धूळ झाडा, वर्षातून एकदा रंगहीन मेण लावून मऊ कापडाने पुसा, पितळ घासायचं पॉलिश अजिबात लावू नका. गणवेशाची बटणं चकचकीत ठेवायची सवय असलेली माणसं आहेत ती. सांगितलं नाहीत तर पहिल्याच रविवारी सगळा पॅटिना घासून काढतील.